गोमतीला गोटे का नाहीत?

लखनौच्या अमीनाबादेत काय मिळत नाही! चिकनकामाचे कुर्ते, चपला, बांगड्या, वर थंडगार कुल्फी. नवाब अमजद अली शहाचा वजीर अमीनुद्दौला याच्या नावाचा हा बाजार आटोपून मुलांना गोमतीकाठी नेले, तर मात्र ती हिरमुसतात. खिशात घालायला एक गुळगुळीत गोटा सापडेल तर शपथ!

कारण उगमातच आहे. गंगा-यमुना हिमालयातून येतात. गोमती पिलिभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून, सपाट मैदानातच निघते. तिला फोडायला डोंगरच नाही. वाळू आणि गाळ हीच तिची दौलत. म्हणून तर १७८४ साली आसफउद्दौलाने बडा इमामबाडा बांधायला काढला तो पातळ लखौरी विटांचा आणि चुन्याचा.

पण दगड बनतो तो अशाच गाळातून. थरावर थर साचतात, वरच्या भाराने दबतात, पाण्यातला चुना किंवा लोह कणांना सांधते आणि लाखो वर्षांनी वालुकाश्म, चुनखडक तयार होतात. भूगर्भातील हालचालींनी ते वर उचलले गेले की नदी त्यांचे तुकडे ओढून नेते. आपटताना आधी कोपरे झिजतात. उरतो तो गोटा.

हरिद्वारला गेलात तर असे गोटे मिळतील, पण सगळेच गाळाचे नसतात. ओल्या गोट्यावर पट्टे दिसतात का, भिंगातून वाळूचे कण दिसतात का, हे पाहावे. चुनखडकावर लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात. आपल्या गोदा-कृष्णेच्या काठचा काळा गोटा बहुधा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा; त्यावरचे पांढरे ठिपके म्हणजे लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत भरलेली खनिजे. देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्राम मात्र अस्सल गाळाचा. त्यातले चक्र म्हणजे हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाच्या अ‍ॅमोनाइट या प्राण्याचा ठसा.

आणि गंमत अशी, की असे ठसे वाचणारी बीरबल साहनी संस्था याच बिनदगडी लखनौत आहे. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली. ती साहनींनी जीवाश्म जडवून घडवली होती. १० एप्रिलला साहनी गेले. संस्था पुढे पत्नी सावित्री साहनींनी सांभाळली.