बर्मिंगहॅमची अडथळ्यांची शर्यत

अंबड, जि. जालना

चि. बाळास,

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर स्टेडियमवर राष्ट्रकुल स्पर्धेतली पुरुषांची ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत झाली. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पहिला आला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा. मांडवा आष्टी तालुक्यात येतं; ही आष्टी आपल्या परतूर तालुक्यातली नव्हे, बीडच्या दुसऱ्या टोकाची, नगरच्या बाजूची.

अडथळ्यांच्या शर्यती दोन जातीच्या असतात आणि त्यांची गल्लत फार होते. ११० मीटरच्या शर्यतीत दहा अडथळे, प्रत्येक १.०६७ मीटर उंच. सुरुवातीपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, पुढे दर ९.१४ मीटरला एक, आणि शेवटच्या अडथळ्यानंतर १४.०२ मीटर मोकळी धाव. दोन अडथळ्यांमध्ये फक्त तीन पावलं पडतात. अडथळ्याला पाय लागला तर तो पुढे कलंडतो, वेळ जातो, पण मुद्दाम पाडला नसेल तर धावपटू बाद होत नाही. या प्रकारातला राष्ट्रीय विक्रमही मराठवाड्याच्याच मुलाच्या नावावर आहे: देवगाव रंगारीच्या तेजस शिरसेने २२ मे २०२४ रोजी फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांची वेळ दिली आणि सिद्धांत थिंगालयाचा १३.४८ सेकंदांचा विक्रम मागे टाकला.

३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची, म्हणजे स्टीपलचेसची, गोष्ट वेगळी. तिथे मैदानाच्या साडेसात फेऱ्या पळायच्या, आणि त्यात २८ लाकडी अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. वजन मात्र ८० ते १०० किलो, त्यामुळे तो पडत नाही. आपटला तर माणूसच पडतो. शिवाय प्रत्येकाला वेगळी पट्टी नसते. दहा-पंधरा जण एकाच चार मीटर रुंदीच्या फळीवरून एकदम जातात. पुढच्याची पाठ आड येते, फळी ऐन वेळी दिसते, आणि धक्काबुक्कीत पाऊल चुकलं की सगळा ताल बिघडतो. फळीवर पाय ठेवून गेलं तरी नियमाला चालतं, हात टेकला तरी चालतं. अडथळ्याला वळसा घालणं मात्र चालत नाही.

पाण्याची उडी नीट पाहण्यासारखी असते. अडथळ्यापलीकडे साडेतीन मीटरच्या आसपास लांबीचा खड्डा, अडथळ्यालगत खोल आणि पुढे उतरत उतरत जमिनीच्या पातळीला आलेला. उडी जितकी लांब, तितकं पाणी कमी. म्हणून बहुतेक धावपटू जोरात येऊन एक पाय फळीवर टेकवतात, अंग खाली ठेवतात, त्याच पायाने मागे रेटा देतात आणि दुसऱ्या पायावर खड्ड्याच्या उथळ टोकाला उतरतात. घोट्यापर्यंत पाणी लागतं, पुढचं पाऊल कोरड्या ट्रॅकवर पडतं. पहिल्या दोन फेऱ्यांत हे सहज जमतं. सहाव्या-सातव्या फेरीला मांड्या भरून आलेल्या असतात, रेटा कमी पडतो, माणूस खोल पाण्यात उतरतो आणि तिथून बाहेर पडायला एक पाऊल जास्त लागतं. स्टीपलचेसचे निकाल बऱ्याचदा याच खड्ड्याशी फिरतात.

या शर्यतीवर केनियाची पकड किती घट्ट होती, हे कळल्याशिवाय बर्मिंगहॅमच्या रौप्यपदकाची किंमत कळत नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ ते २०१८ या सहाही वेळा सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी तिन्ही पदकं केनियाने नेली होती. १९९४ साली कॅनडाच्या ग्रॅमी फेलला कांस्य मिळालं, त्यानंतर बिगरकेनियन माणूस मंचावर चढलाच नव्हता. ऑलिंपिकमध्येही १९८४ ते २०१६ सुवर्णपदक केनियाचंच. टोकियोत मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ती साखळी तोडली. त्यामुळे राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीला उतरणारे इतर देशांचे धावपटू चौथ्या क्रमांकासाठीच पळतात, असं बोललं जायचं.

साबळेचा जन्म १९९४चा, शेतकरी कुटुंबातला. शाळा काही किलोमीटर लांब, वाहन नाही, म्हणून पळत जाणं-येणं. पण याला खेळाचा सराव म्हणणं बरोबर नाही, ती गरज होती. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. खेळाकडे तो वळला तो सैन्यातल्या क्रॉस कंट्रीमुळे, आणि स्टीपलचेस हाती घेतली तेव्हा विशी उलटून गेली होती. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला या शर्यतीत आणलं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना वाटतं की सोळाशे मीटर मारलं की धावणं संपलं. साबळेचं खरं धावणं भरतीनंतर सुरू झालं.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं टिकलेला विक्रम! त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीला दुसऱ्या धावपटूंच्या गडबडीत त्याची वाट अडली. भारताने तक्रार केली, पंचांनी ती मानली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथे तो तेरावा आला, पण ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत, नव्या राष्ट्रीय विक्रमासह. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंद धावूनही अंतिम फेरी हुकली, कारण त्याच्या गटात सहा जण त्याच्यापेक्षा वेगवान निघाले.

बर्मिंगहॅमच्या आधी तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा अमेरिकेत ओरेगॉनला जागतिक स्पर्धा झाली. ती अंतिम शर्यत फार संथ गेली. अशी शर्यत शेवटच्या फेरीतल्या झपाट्यावर ठरते आणि साबळे तेव्हा त्यात कमी पडला. ८ मिनिटे ३१.७५ सेकंद, अकरावा. त्याची ताकद ठरावीक, कडक वेग लांबवर टिकवण्यात होती. बर्मिंगहॅमला नेमका तसाच वेग मिळाला.

केनियाचे तिघे पुढे झाले: २०१६चा ऑलिंपिक विजेता आणि राष्ट्रकुलचा गतविजेता कॉन्सेस्लस किप्रुटो, किबिवोट आणि कुमार गटाचा जगज्जेता एमॉस सेरेम. त्यांच्या मागे चौथा साबळे. त्याने अंतर पडू दिलं नाही, हाच त्या दिवसाचा सगळ्यात मोठा निर्णय. इतर सगळे हळूहळू मागे सुटत गेले. मग किप्रुटोचाही दम सुटला आणि तो पदकाच्या हिशेबातून बाहेर गेला. शेवटच्या टप्प्यात साबळेने सेरेमला मागे टाकलं आणि किबिवोटच्या मागे लागला. सरळ पट्टीत अंतर पावलापावलाने कमी होत होतं. रेषा आली तेव्हा फरक उरला ०.०५ सेकंदांचा. त्या वेगाने धावणाऱ्याच्या हिशेबात तो जेमतेम फूटभर. सेरेम ८ मिनिटे १६.८३ सेकंदांत तिसरा, म्हणजे पहिल्या दोघांच्या पाच सेकंदांहून अधिक मागे. जून महिन्यात रबातला केलेला ८ मिनिटे १२.४८ सेकंदांचा स्वतःचा राष्ट्रीय विक्रम साबळेने याच शर्यतीत सव्वा सेकंदाने सुधारला.

फूटभराने सुवर्ण हुकलं, अशी हळहळ त्या दिवशी बरीच झाली. ती रास्त आहे, तरी ओरेगॉनला ज्या शेवटच्या फेरीत तो मागे पडला होता, त्याच फेरीत इथे त्याने केनियाच्या एकाला मागे टाकलं आणि दुसऱ्याला रेषेपर्यंत श्वास घेऊ दिला नाही. अठ्ठावीस वर्षांनी मंचावर केनियाबाहेरचा माणूस उभा राहिला.

पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो ८ मिनिटे १९.५० सेकंदांत, स्पर्धेच्या विक्रमासह, पहिला आला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंद झाले, आणि भारतीय वेळ पहिल्यांदा ८ मिनिटे १० सेकंदांच्या आत आली. महिन्याभराने त्याच शहरातल्या ऑलिंपिकमध्ये त्याने अंतिम फेरी गाठली आणि ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावा आला. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. त्याच वर्षी जुलैत मोनॅकोला गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली.



तुझा,
मामा