निरोपातून गाळलेली गाणी

सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात २५ नोव्हेंबर १९७६ च्या रात्री ‘द बँड’ या पाच जणांच्या रॉक समूहानं आपली निरोपाची मैफल केली. थँक्सगिव्हिंगचा सण होता, म्हणून जमलेल्या हजारो श्रोत्यांना आधी टर्कीचं जेवण वाढलं आणि मग गाणं सुरू झालं. बॉब डिलन, जोनी मिचेल, नील यंग, मडी वॉटर्स, एरिक क्लॅप्टन अशी एकेक मंडळी मंचावर येत गेली. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी कॅमेरे लावून बसले होते.

१९७८ मध्ये त्या मैफलीचा चित्रपट आला आणि ‘द लास्ट वॉल्ट्झ’ नावाचा तीन तबकड्यांचा संच निघाला. सहा बाजूंपैकी एक बाजू तर स्टुडिओत मुद्रित केलेली होती. मैफलीच्या भागावरही स्टुडिओत बरीच डागडुजी झाली होती. चित्रपट सुरू होतो तोच मैफलीतल्या शेवटच्या गाण्यानं. हे सगळं देखणं आहे, मी ते पुष्कळदा आनंदानं ऐकलं-पाहिलं आहे. पण त्या रात्रीचा क्रम त्यात मोडला होता आणि कितीतरी गाणी बाहेरच राहिली होती.

२००२ मध्ये चार सीडींचा विस्तारित संच आला, तेव्हा त्यात ‘अकेडियन ड्रिफ्टवुड’ सापडलं. मला या सबंध संचात तेच गाणं सर्वांत मोलाचं वाटतं. अठराव्या शतकात इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकून लावलेल्या फ्रेंच भाषकांची ती कहाणी आहे. ‘द बँड’मधले पाचपैकी चौघे कॅनडाचे. पाचवा, ढोलांवर बसणारा लेव्हन हेल्म, आर्कान्सॉचा. त्या रात्री हे गाणं म्हणताना जोनी मिचेल आणि नील यंग त्यांच्यात सामील झाले, तेही कॅनडाचेच. आपल्या मातीतून उखडलेल्या लोकांचं गाणं त्याच मातीतली माणसं परमुलखात, निरोपाच्या रात्री म्हणत होती. आणि पहिल्या संचात नेमकं तेच नव्हतं! ते बाहेर आलं तोवर समूहातले रिचर्ड मॅन्युएल आणि रिक डँको दोघेही गेले होते. त्या गाण्याच्या ओळी हेल्मसोबत आळीपाळीनं गाणारे हेच दोघे. आज तर पाचांपैकी कुणीच नाही. २०२५ च्या जानेवारीत ऑर्गनवाले गार्थ हडसनही गेले.

विस्तारित आवृत्ती म्हणजे जुन्या मालावर नवं वेष्टन, असं म्हणणारे रसिक मला भेटतात. काही वेळा ते खरंही असतं. पण त्या संचात तालमींचे तुकडे आहेत, दिशा न ठरवता वाजवलेली सुरावट आहे. गाणारी माणसं एकमेकांचा अंदाज घेतात ते त्यातच ऐकू येतं. चित्रपटातही मला सर्वांत जिवंत वाटतो तो क्षण असाच आहे: क्लॅप्टनच्या गिटारचा पट्टा निसटतो आणि शेजारचा, ‘द बँड’चा गिटारवादक रॉबी रॉबर्टसन सूर खाली पडू न देता पुढचं वादन उचलून धरतो. असं काही स्टुडिओत ठरवून होत नाही.

हे सगळं ऐकताना मन बापूरावांकडे जातं. बापूराव, म्हणजे गायक पंडित द. वि. पलुस्कर, १९२१ साली आमच्या नाशकात जन्मले. वडील विष्णु दिगंबर, त्यांचा इथला रामनाम आधार आश्रम, आज पंचवटीत पलुस्करांच्या नावानं उभं असलेलं सभागृह, हे सगळं नाशिककरांना घरचं आहे. बापूराव १९५५ मध्ये भारतीय कलावंतांच्या शिष्टमंडळासोबत चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले. वय अवघं चौतीस. निरोपाची मैफल जाहीर झाली नाही, कॅमेरे लागले नाहीत. कुठली भैरवी शेवटची, हे गाणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि ऐकणाऱ्यांनाही.

त्यांच्या हयातीतल्या ७८ गतीच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात राग मांडायचा, बंदिश भरायची, ताना घ्यायच्या आणि सुई मधल्या लेबलापाशी पोचायच्या आत समेवर यायचं. बापूरावांनी ते इतकं नेटकं केलं की त्यात काही राहून गेलंय असं वाटतच नाही. पुढे त्यांची लांब ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळाली, तेव्हा कळलं किती राहिलं होतं: विलंबितातली ऐसपैस बढत, मुखड्याकडे परतण्याआधीचा तो निवांतपणा. त्यांच्या बाबतीत लांब मुद्रणातलं प्रत्येक मिनिट मला निरोपाइतकंच मोलाचं वाटतं, कारण ठरवून घेतलेला निरोप त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

नाशकातल्या जुन्या घरांमध्येही अशा लांब मैफलींच्या स्पूल आणि कॅसेट अजून असतील. घरगुती बैठका, गणेशोत्सवातलं गाणं, कुणा गुरुजींचं शेवटचं जाहीर गायन. त्या डिजिटल करून घेताना तंबोरे जुळवण्याचा भाग, मधली दाद, तबलजीला केलेली सूचना, चहासाठीची थांबाथांब हे ‘नको असलेलं’ म्हणून पहिल्यांदा कापलं जातं. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. सुरुवातीच्या खरखरीपासून शेवटच्या टाळीपर्यंत एक सबंध प्रत आधी काढा, तिच्यावर तारीख, गाव आणि साथीदारांची नावं लिहा. ऐकायला सोपी, छाटलेली प्रत मग हवी तर वेगळी करा.