माळ्यावरची कॅसेट

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेतून एक कॅसेट निघाली आणि मी मनातून ओशाळलो. 1996 साली आमचे चिरंजीव बारावीला असताना ती मीच त्यांच्या हातून हिसकावून घेतली होती. "घर आहे की लोहारशाळा?" असेही म्हणालो होतो. त्यानंतर कित्येक दिवस बापलेकांत कामापुरतेच बोलणे होते.

चिरंजीव सणाला इंदूरला आलेले. कॅसेट पाहून हसले. "बाबा, आता तरी ऐका!" वाजवायला यंत्र कुठले? त्यांनी मोबाइलवरच त्या मंडळींची गाणी लावली.

वाद्यवृंद ब्राझीलचा, नाव 'सेपुल्तुरा'. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ थडगे. (नाव तरी बरे ठेवायचे!) मिनास जेराइस हा खाणींचा प्रांत, तेथील बेलो होरिझोन्ते शहरात 1984 साली मॅक्स आणि इगोर या काव्हालेरा बंधूंनी तो काढला. वडील अकाली गेलेले, मुले चौदा-पंधरा वर्षांची, आणि देशात 1964 पासूनची लष्करी राजवट अखेरच्या घटका मोजत होती. संगीताचा प्रकार थ्रॅश मेटल : लय अतिद्रुत, गिटारी कर्कश, गळा आरोळीच्या जवळचा. त्यांची आरंभीची गाणी मला आजही सोसत नाहीत, हे कबूल करतो.

परंतु 1993 च्या 'केऑस ए. डी.' या ध्वनिमुद्रिकेतील 'कायोवास' लागले आणि मी सावरून बसलो. शब्द नाहीत, नुसत्या साध्या गिटारी आणि ढोल. जमिनी हिरावल्या गेलेल्या ग्वारानी-कायोवा आदिवासींचे नाव दिलेले हे वादन वेल्समधील चेपस्टो किल्ल्याच्या पडक्या भिंतींत मुद्रित झाले. पुढे 'रूट्स'साठी मंडळी मातो ग्रोसो प्रांतातील शाव्हांते लोकांच्या वस्तीत गेली आणि त्यांच्यासह 'इत्सारी' मुद्रित केले. इत्सारी म्हणजे मुळे. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे तसे ते समूहगायन उठते. ज्यांचा आवाज ऐकून शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात, ती मुले दुसऱ्यांचे गाणे ऐकायला त्यांच्या अंगणात जाऊन बसली होती. मी तर शेजारच्या खोलीतलेही ऐकले नव्हते.

"पुढे काय झाले रे त्यांचे?"

"त्याच वर्षाअखेर मॅक्स बाहेर पडला. भाऊ-भाऊ दहा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत."

"आणि मग?"

"2006 साली भेटले. पुन्हा एकत्र वाजवू लागले."

मी चष्मा पुसला. म्हटले, "ते मघाचे आदिवासींचे पुन्हा लाव. पण आधी आईला हाक मार, तिलाही ऐकू दे."