घावापूर्वीची काळजी

काळजी घेणे हा सद्गुण आहे, ही गोष्ट आम्हां मध्यमवर्गीयांच्या मनावर लहानपणापासून इतकी बिंबविलेली असते की, काळजीलाही वेळकाळ असतो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती कोठे सुरू करावी हे आम्हांस पुष्कळांनी शिकविले. ती कोठे थांबवावी हे मात्र कोणीच शिकविले नाही. या प्रश्नाकडे आमचे लक्ष एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाने नव्हे, तर गोल्फ नावाच्या खेळाने वेधले, हे ऐकून वाचकांस थोडे हसू येईल.

हसू येण्यास कारणही आहे. आम्ही राहतो अर्जुनी मोरगावास. भोवती धानाच्या बांध्या, त्यांपलीकडे जंगल, आणि जवळच नवेगावबांधचा तलाव. येथे बाहेरचा मनुष्य आलाच तर पक्षी पाहावयास येतो, चेंडू टोलवावयास नव्हे. गोल्फचा क्लब कलकत्त्यास १८२९ सालीच निघाला, आणि पुण्यानागपुरासही या खेळाची मैदाने आहेत. परंतु आमच्या बांधीत तो आणला आमच्या पुतण्याने. नागपुरास कॉलेजात शिकणारा हा मुलगा नाताळच्या सुट्टीत गोल्फची काठी घेऊन आला, आणि धान कापून कोरड्या पडलेल्या बांधीत रोज सकाळी सराव करू लागला.

खेळ दिसावयास सोपा. चेंडू जागचा हलत नाही. विटीप्रमाणे तो आधी हवेत उडवूनही घ्यावा लागत नाही. त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे, म्हणजे तो काही जड नव्हे. तरीही आमच्या चिरंजिवांचे बहुतेक टोले मातीत जात. हात कसे असावेत हे त्याला तोंडपाठ होते: डावा हात सरळ, उजवे कोपर बरगडीजवळ, मनगट वर मुरडलेले. पुस्तकातील आकृतीत व त्याच्यात काडीचाही फरक नव्हता. फरक एवढाच की, आकृतीला चेंडू मारावयाचा नव्हता. याचे खांदे कानांकडे चढलेले असत, आणि काठी आवळून धरल्यामुळे बोटांची पेरे पांढरी पडलेली असत.

या आवळण्याने काय होते, हे वाचकांनी स्वतःच पाहावे. मूठ घट्ट मिटून मनगट हलवावे, आणि मग मूठ सैल सोडून हलवावे. बोटे मिटविणारे मोठे स्नायू हाताच्या पुढल्या भागात असतात व त्यांचे दोर मनगटावरून जातात. म्हणून मूठ आवळली की मनगटही जखडते. दंडाचे तसेच. कोपर वाकविणारा स्नायू निराळा व ते उलगडणारा निराळा. दोघांनी एकदम जोर केला म्हणजे एकाच गाडीचे बैल दोन दिशांना ओढू लागावेत तशी गत होते. श्रम पुष्कळ, चाल नाही. गोल्फचा टोला तर सारा चालीचा आहे. हात हा एक लंबक, आणि मनगटाशी जोडलेली काठी हा दुसरा. चेंडूजवळ येताना पहिला मंदावतो आणि त्याचा वेग दुसऱ्यात उतरतो. कसलेल्या खेळाडूच्या काठीचे टोक ताशी १८० किलोमीटरच्या आसपास जाते ते यामुळे. मनगट जखडले की दोन लंबकांचा एकच सोटा होतो.

आम्हांस याहूनही विचार करावयास लावले ते काळाच्या हिशेबाने. वर गेलेली काठी चेंडूवर येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो, आणि चेंडूशी तिची भेट होते ती अर्ध्या सहस्रांश सेकंदापुरती. चूक डोळ्यांनी टिपून हाताला हुकूम पोहोचविण्यातच या पाव सेकंदाचा बहुतेक भाग खर्च होतो. म्हणजे काठी खाली येऊ लागल्यावर सुधारण्यासारखे फारसे काही उरतच नाही. हात जो ताठरतो तो रक्षण करण्यासाठी. आणि ज्याचे रक्षण करावयाचे ते त्याच्या हाती राहिलेलेच नसते!

त्याच दिवसांत आमच्या परसात लाकडे फोडण्याचे काम चालले होते. फोडणारा म्हातारा कुऱ्हाड रात्री पाण्यात ठेवी, म्हणजे दांडा फुगून पाते पक्के बसे. सकाळी तो ते हलवून पाही, ओंडका फिरवून फिरवून बसवी, पाय रोवी, आणि पोराबाळांना दूर हाकली. इतके झाल्यावर मात्र त्याचा हात असा काही सहज खाली येई की, त्याला कशाची फिकीरच नसावी असे वाटे. घाव घालताना हात कसा ठेवतोस, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, “हाताकडं कोन पायते जी? भेग पायतो.” घट्टपणा होता, पण तो दांड्यात होता, हातात नव्हता.

या उत्तरास शास्त्राचाही आधार आहे. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात मॉस्कोस हातोड्याच्या घावांचे सूक्ष्म चित्रण केले. कसलेल्या कामगाराचे खांदा, कोपर व मनगट दर घावाला थोड्या निराळ्या वाटेने जातात. हातोड्याचे टोक मात्र नेमके जागेवर पडते, असे त्याला आढळले. गोल्फचा शिक्षक अर्नेस्ट जोन्स याने आपल्या धंद्यात हेच ओळखले होते. १९१६ साली, महायुद्धात, या इंग्रज खेळाडूचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तरी तो खेळत राहिला, आणि पुढे अमेरिकेत नामांकित शिक्षक झाला. रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवून दाखवी. रुमालाने काही ढकलता येत नाही, झुलविताच येते.

हे सर्व आम्ही लिहितो ते गोल्फसाठी नव्हे. आमचा पुतण्या गेल्या परीक्षेत एक पेपर अर्धा टाकून उठून आला होता. बोटे आखडली, लेखणी चालेना, एवढेच त्याने सांगितले. त्याचे वडील, आमचे थोरले बंधू, अत्यंत प्रेमळ गृहस्थ. परीक्षेच्या दिवसांत ते रोज रात्री भंडाऱ्याहून त्याला फोन करीत. उजळणी झाली का? झोप येते का? घाई करू नकोस, चुकू नकोस! यांतील एकही शब्द वाईट नाही. परंतु प्रत्येक शब्द मूठ आवळणारा आहे. आम्ही दादांना तसे सांगितले तेव्हा ते काहीसे दुखावले. “मग बापानं करायचं तरी काय?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “जूनपासून करायचं ते सगळं करा. त्याला काय कळत नाही ते विचारा, शिकवणी लागत असेल तर लावा, चांगली खोली पाहून द्या. पेपराच्या आठवड्यात मात्र दोन पावलं मागं व्हा.”

दादांनी ते मानले. पुढल्या परीक्षेच्या आठवड्यात त्यांनी एकदाही फोन केला नाही. रात्री बारापर्यंत ते अंगणात येरझारा घालीत, असे वहिनींनी आम्हांस मागाहून सांगितले. काळजी काही नाहीशी झाली नव्हती. मुलाच्या हातातून काढून त्यांनी ती आपल्या पायांत घेतली होती. आणि बापाने इतके केले तरी पुष्कळ झाले.