थिमय्यांचा राजीनामा

कचेरीत आम्हां कारकुनांच्या हातांखालून कित्येक राजीनामे जातात. आवक क्रमांक पडला की त्यांतील धग निवते. जनरल थिमय्यांच्या १९५९ मधील राजीनाम्याची धग मात्र अद्याप निवालेली नाही.

कोडगूचा हा सेनानी जितका शूर, तितकाच कल्पक. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे साडेअकरा हजार फुटांवरील झोजी ला खिंडीत त्यांनी रणगाडे चढविले. सुगावा लागू नये म्हणून ते घुमट उतरवून, लपवीतछपवीत तेथवर आणले होते. खिंड फुटली आणि लेहची वाट मोकळी झाली. पुढे १९५३ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी समतोल बुद्धीने सांभाळले. तेथील भारतीय रक्षक दलाचे प्रमुख होते आपले थोरात.

असा पुरुष संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा देतो आणि नेहरूंच्या सांगण्यावरून तो परत घेतो, याला काही जण दुबळेपणा म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. सेनेने मुलकी सत्तेपुढे मान लववावी, हे लोकशाहीचे व्रतच आहे. मात्र लवलेल्या मानेचे गाऱ्हाणे ऐकून घेणे, हेही त्याच व्रताचे अंग नव्हे काय? कागद परत गेला. गाऱ्हाणे तेथेच राहिले. १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले आणि १९६२ उजाडले.

डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रस येथे, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व करीत असताना, त्यांचे निधन झाले.