चांगला हात

गेल्या चैत्रात आमच्या बडोद्याच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, असा नेहमीचाच थाट. माझी पाच वर्षांची नात बायकांच्या घोळक्यात मिरवत होती. तिला हरभरे देण्यासाठी मी वाटी उचलली आणि तिने डावा हात पुढे केला. ‘तो नव्हे, चांगला हात!’ माझ्या तोंडून शब्द निघून गेले. ती गोंधळून आपल्या दोन्ही हातांकडे पाहू लागली. दारात उभा असलेला माझा मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, ‘आई, निदान तिला तरी नको.’

ते शब्द मनात घर करून राहिले.

मी स्वतः जन्माने डावरी. पाटीवर अक्षरे काढू लागले तेव्हा डाव्या हाताने लिहिलेले त्याच हाताच्या तळव्याखाली पुसले जाई. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाणारी. तिथे डावऱ्या मुलाचा हात आपल्याच अक्षरांवरून फिरतो. आजीने यावर उपाय काढला. जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन ती माझा डावा हात जेवताना आणि लिहिताना कमरेशी बांधून ठेवी. तिच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. शौचाचा हात आणि अन्नाचा हात निराळा असावा, हा नियम शहाणपणाचाच होता. पण तो नियम ताटावरून पाटीवर कधी गेला, खडूचा आणि शौचाचा संबंध काय, हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ज्याची उपेक्षा करावयाची त्याला ‘डावलणे’ म्हणणारी आपली भाषा. तिनेही आजीचीच बाजू घेतली असती.

यथावकाश मी उजव्या हाताने लिहू-जेवू लागले. विळी, सुई आणि रांगोळी मात्र डाव्या हाताकडेच राहिली. सासरी कौतुक होई, ‘आमची सूनबाई सव्यसाची!’ पण अर्जुनाचे दोन्ही हात विद्येने तयार झाले होते. माझा एक हात शिक्षा भोगून गप्प बसला होता. १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना गांधीजींनी बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी ४० पाने अशी लिहिलेली आहेत. सचिन तेंडुलकर उजव्या हाताने खेळला, पण सही करतो डाव्या हाताने. ज्याच्या त्याच्या हाताला आपली वाट सापडू दिली, तर असे होते.

हे सारे भोगूनही मी काय केले? माझा मुलगाही डावरा निघाला. सासूबाई म्हणत, ‘हे तुमच्या माहेरचे.’ तो डाग पुसण्याच्या ईर्ष्येने मी त्याच्या हातातली पेन्सिल दिवसातून दहादा बदलत असे. ‘हात दुखतो गं,’ तो म्हणे. ‘सवय होईल,’ मी म्हणे. सवय झाली, पण अक्षर कधी बसले नाही. वसतिगृहातून त्याची पत्रे येत ती चार ओळींची. तो स्वभावानेच अबोल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

त्या रात्री त्याने मला काही गोष्टी समजावून सांगितल्या. दहांतले एक माणूस डावरे असते. आईबाप दोघेही उजवे असले तरी मूल डावरे होऊ शकते. दोघांतले एक डावरे असेल तर शक्यता सुमारे दुप्पट होते, इतकेच. एका गर्भातून विभागलेल्या जुळ्यांतही एक उजवा आणि एक डावा निघतो. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे चार लाख लोकांची आनुवंशिक माहिती तपासली. तेव्हा डावरेपणाशी निगडित काही जागा सापडल्या. पण ज्याकडे बोट दाखवावे असे एकच बीज नाही. म्हणजे दोष माहेरचा नव्हता आणि सासरचाही नव्हता. मुळात तो दोषच नव्हता.

‘हे तुला कधीपासून माहीत होते?’ मी विचारले.

‘पुष्कळ वर्षांपासून. तुला सांगून वाईट वाटले असते.’

मी म्हणाले, ‘चुकले रे माझे.’ आईने मुलाला असे म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही. तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने माझा डावा हात त्याने आपल्या हातात घेतला आणि तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीपुढे चैत्रांगण काढावयास बसले. नात शेजारी येऊन बसली. मी तिच्या डाव्या चिमटीत रांगोळी दिली आणि माझ्या डाव्या चिमटीत घेतली. तिने शंख काढला, जरा वाकडा. मी गौरीची पावले काढली. तिने माझ्या हाताकडे निरखून पाहिले आणि विचारले, ‘आजी, तुझा चांगला हात कोणता?’

मी म्हटले, ‘दोन्ही. तुझेही दोन्ही.’