मुंगी की मुंगळा

३ जून, मंगळवार
अंगणवाडीत लसीकरण. पहिलं बाळ किंचाळलं आणि रांगेतल्या बाकीच्यांनी सूर धरला. दीड महिन्याच्या जिवाला एका दिवसात तीन सुया: दंडावर आयपीव्ही, एका मांडीत पेंटा, दुसरीत पीसीव्ही. आजीनं बाळ टेबलावर उताणं ठेवून पाय दाबून धरले. आई दाराबाहेर. "तिला बघवत नाही हो सिस्टर." बाळाला त्या वेळी तिचीच कूस हवी असते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण रांग मोठी होती.

५ जून
रात्री जागतिक आरोग्य संघटनेच्या लस टोचताना होणारं दुखणं कमी करण्याबद्दलच्या २०१५ सालच्या सूचना पुन्हा काढल्या. औषध नाही, खर्च नाही. बाळ आडवं न ठेवता कुशीत घ्यावं, सुईच्या वेळी अंगावर पाजावं, जास्त झोंबणारी लस शेवटी द्यावी. आणि 'काही दुखणार नाही' असं खोटं सांगू नये. तिथं थबकले. इतकी वर्षं मी 'मुंगी चावेल' म्हणत आले.

१० जून, मंगळवार
टेबल भिंतीला सारलं, आयांसाठी चटई अंथरली. गोडसर रोटा लस आधी पाजली. मग बाळ अंगावर घ्यायला लावलं. ते नीट ओढू लागेपर्यंत थांबले आणि मगच सुई. "ठसका लागला तर?" एका आजींनी विचारलं. कुणालाच लागला नाही. बाळं रडली, पण पुन्हा पाजताच निवली. आशाताई म्हणाल्या, "आज कान शाबूत आहेत." जेवायला मात्र तीन वाजले.

१७ जून, मंगळवार
पाच वर्षांचा मुलगा, बूस्टरला. वडील दारातूनच दटावत होते, "रडलास तर सिस्टर अजून एक टोचतील." त्यांना गप्प केलं आणि पोराला त्यांच्याच मांडीवर बसवलं.
"मुंगी चावल्यासारखं ना?"
"त्याहून जास्त."
"मुंगळ्यासारखं?"
"हो. पण लगेच सोडतो."
"मुंगळा सोडत नाही."
"हा सोडतो."
मोकळ्या हाताची बशी करायला सांगितली. चहा गरम आहे, लांब फुंकर घालून गार कर. तिसऱ्या फुंकरीला सुई टोचून काढलीसुद्धा. डोळे भरले, फुंकर तुटली, पण दंड हलला नाही.
जाताना दारातून वळून म्हणाला, "मुंगळाच होता. पण सोडलं त्यानं."
त्याची पुढची सुई दहाव्या वर्षी.